राखणदार की खोत?

गेल्या श्रावणात आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाने परिसंवाद ठेवला होता. विषय भारदस्त: धर्म, पर्यावरण आणि जैवतंत्रज्ञान. पावसाने पत्र्यावर असा ताशा धरला होता की वक्त्यांची अर्धी वाक्यं त्यातच विरत होती, आणि जी ऐकू आली त्यांवरून वाटलं, उरलेलीही वाहून गेली असती तरी फारसं बिघडलं नसतं. पहिले वक्ते प्राध्यापक. ते म्हणाले, निसर्गाच्या नासाडीचं मूळ बायबलच्या पहिल्याच पानावर आहे. देवाने माणसाला ‘सत्ता चालव’ म्हटलं तिथेच घात झाला. ज्या धर्माने अख्खी पृथ्वी माणसाला आंदण दिली, त्याने आता प्रयोगशाळेतल्या एका पेशीवरून गळा काढावा हा दुटप्पीपणा आहे. दुसरे वक्ते आमच्यातलेच, चर्चच्या कामात पुढे असणारे. क्लोनिंग निसर्गाविरुद्ध आहे, देवाच्या कामात ढवळाढवळ आहे, म्हणून पाप आहे, एवढंच त्यांनी तीनदा सांगितलं, दर वेळी थोडा आवाज चढवून. मग मागच्या बाकावरून एक बागायतदार उठले. “मगे माझी चारशे कलमां पण पाप काय?” सभागृह हसलं, अध्यक्षही हसले, तेवढ्यात चहा आला.

त्या दुपारचा तो एकमेव नेमका प्रश्न होता आणि त्याचीच हसून बोळवण झाली. मी ख्रिस्ती आहे, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि पावसाळ्यात घरामागे कलमं बांधतो. म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी तीन बाजूंनी माझ्यावर येते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसाचं क्लोनिंग करू नये असं मलाही वाटतं. पण ते ‘निसर्गाविरुद्ध’ आहे म्हणून नव्हे. ते कारण लंगडं आहे, आमच्या लोकांनी ते सोडून द्यावं. खरं कारण जुनं आहे, आणि ज्या कारणासाठी सडा म्हणजे कातळाचं माळरान, खाडी आणि देवराई राखायची, नेमकं तेच ते आहे. त्यातलं अर्धं उचलून अर्धं टाकणाऱ्याला दोन्ही कळलेलं नसतं. प्राध्यापकांनी एक अर्धं टाकलं, आमच्या माणसाने दुसरं.

आधी कलमांचं बघू. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. पंधरा-वीस दिवसांत तांबूस, लुसलुशीत कोंब वर येतो. त्याचा शेंडा छाटायचा आणि उरलेल्या दांड्याला मधोमध बोटभर उभा काप द्यायचा. तिकडे खात्रीच्या हापूसवर तीन-चार महिन्यांची काडी आठ-दहा दिवस आधीच पानं कापून तयार ठेवलेली असते. देठ तेवढे राखलेले. ते गळू लागले आणि डोळा फुगला की काडी उतरवायची. तिचा बुडखा दोन्हीकडून तासून पाचर करायची, कापात बसवायची, सालीला साल भिडवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. तीनेक आठवड्यांनी काडीला पालवी फुटली की जीव भांड्यात पडतो. खुंट रायवळचा, पण वरचं झाड म्हणजे ज्याची काडी घेतली त्याचीच हुबेहूब आवृत्ती. हापूसची कोय लावून हापूस येत नाही हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आज जेवढा हापूस उभा आहे तो सगळा काडीवरून काडी, काडीवरून काडी असाच आलेला. ‘क्लोन’ हा शब्दच मुळी डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला. हर्बर्ट वेबर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०३ साली तो रूढ केला तोही असल्याच काडीपासून वाढवलेल्या झाडांसाठी. प्रौढ मेंढीच्या पेशीपासून क्लोन केलेली डॉली मेंढी जन्मायला अजून त्र्याण्णव वर्षं होती.

आणि ही विद्या इथे आणली कोणी? पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांना सुरुवात केली असं सांगतात. हापूस या नावात तर आफोन्सो अजून बसलेलाच आहे. ज्यांच्या पाद्र्यांनी क्लोनिंगचा धंदा घालून दिला, त्यांनीच मिस्सा सुटल्यावर ‘क्लोनिंग निसर्गाविरुद्ध’ म्हणावं? फुरसं चावणं नैसर्गिक आहे आणि त्यावरचं इंजेक्शन अनैसर्गिक. आपण कुठल्या बाजूचे? शिवाय निसर्ग स्वतःच क्लोन करतो. एका गर्भाचे दोन होऊन जन्मलेली जुळी भावंडं दुसरं काय असतात? ‘क्लोन केलेल्या माणसाला आत्मा नसेल’ असं म्हणणारी श्रद्धाळू मंडळी मी पाहिली आहेत. त्यांनी ज्या प्रेषिताने भारतात सुवार्ता आणली असं परंपरा मानते त्याचं नाव आठवावं. थॉमस या नावाचा अर्थच जुळा. उद्या कोणी क्लोन म्हणून जन्माला आलाच तर तो तुमच्या-माझ्याइतकाच पूर्ण माणूस असेल, त्याचा बाप्तिस्मा व्हायला काही आडकाठी नसेल आणि शाळेत त्याला मधल्या सुट्टीत भूकही लागेल. आक्षेप असलाच तर त्याच्या जगण्यावर नाही. त्याला बनवणाऱ्याने काय केलं, यावर आहे.

आता प्राध्यापकांकडे वळतो. त्यांचं म्हणणं मूळचं लिन व्हाइट या इतिहासकाराचं. १० मार्च १९६७ च्या ‘सायन्स’मध्ये व्हाइट यांनी लिहिलं की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म जगातला सर्वांत माणूसकेंद्री धर्म आहे आणि आजच्या संकटाचा मोठा दोष त्याच्या पदरात जातो. हा आरोप झटकण्यासारखा नाही. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ असं आहेच, आणि पुढच्या शतकांत त्याचा जो अर्थ लावला गेला तो जंगलांनी आणि वसाहतींमधल्या माणसांनी भोगला. पण कोकणी माणसाला हे समजायला व्हाइट लागत नाहीत, खोत पुरे. खोत मुळात कोण? गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मधला माणूस. पिढ्या गेल्या, आणि वसुली करणाराच धनी होऊन बसला. कुळाच्या घामावर, वेठीवर त्याचा हक्क, आणि तो का म्हणून विचारायची सोय नाही. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नांगर खाली ठेवले ते १९३९ पर्यंत उचलले नाहीत. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ‘सत्ता चालवा’ हे वाक्य कारखानदारांनी आणि वसाहतवाल्यांनी वाचलं ते खोताच्या डोळ्यांनी. ज्याच्या वतीने कारभार करायचा त्यालाच कागदावरून खोडून टाकलं.

हे काही फक्त गोऱ्यांचं पाप नव्हे. पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, पाठोपाठ कस्तुरीरंगन यांचा, आणि त्यांच्याविरुद्ध केरळात इडुक्कीच्या डोंगरात जे रान उठलं त्यात कॅथलिक पाद्री पुढे होते. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. डोंगरातले गरीब शेतकरी त्यांच्याच कळपातले, आणि घर उठेल ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण ज्या चर्चने सृष्टी ही देवाची ठेव आहे असं शिकवायचं, त्याच चर्चने ठेवीचा हिशोब मागणाऱ्याला शत्रू ठरवलं, हेही खरंच. दुसऱ्या पारड्यात वसई आहे. तिथे बिल्डरांच्या आणि टँकरवाल्यांच्या राज्यात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच. केळीच्या, पानवेलीच्या वाड्यांचं गोडं पाणी राखायला एक धर्मगुरू रस्त्यावर उतरला. ख्रिस्ती धर्माने निसर्गाचं काय केलं, असं विचारणाऱ्याने इडुक्की आणि वसई दोन्ही एकाच वहीत लिहावीत.

प्राध्यापकांनी पुढचं पान मात्र उलटलं नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत आणून ठेवतो ते कशासाठी? मराठी पवित्र शास्त्रातले शब्द आहेत, ‘मशागत व राखण’ करण्यासाठी. मूळ हिब्रूत मशागतीसाठी जो शब्द आहे, आवाद, त्याचा अर्थ राबणं, सेवा करणं असाही होतो. आणि राखणीसाठी आहे शामार. आता दोन अध्याय पुढे जा. काइनाने भावाला मारलंय, देव विचारतो तुझा भाऊ कुठे, आणि काइन उर्मटपणे म्हणतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथेही तोच शामार. बागेसाठी आणि भावासाठी एकच धातू वापरलेला आहे. माझा सगळा युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे, हे कबूल करतो.

आमच्याकडे राखणदार म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. रात्री काठी आपटत शिवेवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणारा. माझा आजा रोज संध्याकाळी गुडघे टेकून तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणणारा पक्का कॅथलिक, पण रात्री बागेत शिरताना एका जुन्या किंजळीपाशी क्षणभर थांबायचा. विचारलं तर म्हणायचा, “धाप लागली.” त्या राखणदाराबद्दल लोक काय काय सांगतात, पण त्याने कधी एखादा गुंठा विकला असं कोणी सांगत नाही. त्याच्या नावाचा सातबारा नसतो. खरं तर आपला सातबाराही नीट वाचावा. आपल्या नावाला तिथे शब्द आहे भोगवटादार. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव जमिनीबद्दल जे सांगतो ते महसूल खात्याच्या भाषेत मांडायचं तर हेच की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उतरलेले पाहुणे आहात, ती कायमची विकू नका. त्याच अध्यायात दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, पेरायचं नाही, छाटायचं नाही, असा नियम आहे. ज्याला हे परकं वाटेल त्याने आचऱ्याची गावपळण आठवावी. तीन दिवस, तीन रात्री अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतो आणि घरं, अंगणं, विहिरी माणसांवाचून पडून असतात. त्यामागची श्रद्धा वेगळी, कथा वेगळी. पण गाव आपल्यावाचूनही गाव असतो, हे त्या तीन दिवसांत पायांना कळतं.

आता हा शब्द बागेवरून माणसावर आणू. हापूसकडून आपल्याला काय हवं असतं? गेल्या वर्षीचाच हापूस. तोच रंग, तोच वास, पेटीतला पहिला आणि शेवटचा सारखा. वाशीच्या बाजारातला व्यापारी पेटी उघडतो तेव्हा त्याला नवल नको असतं. त्याला खात्री हवी असते, आणि कलम ती खात्री देतं. आंब्याच्या बाबतीत यात काही गैर नाही, कारण आंबा आपण खाण्यासाठीच लावतो. पण मुलाकडून हीच खात्री मागणं म्हणजे काय करणं? इथे चौथ्या शतकातला एक जुना वाद कामाला येतो. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने ख्रिस्ताबद्दल लिहिलं, तो जन्मलेला आहे, घडवलेला नव्हे. धर्मशास्त्राची ती बारीक गुंतागुंत होती. पण ऑलिव्हर ओडोनोव्हन या अँग्लिकन विचारवंताने १९८४ साली तीच रेघ माणसाच्या मुलावर आणून ठेवली. जे आपण घडवतो ते आपल्या हाताखालचं असतं, त्याचा आराखडा आपला असतो. जे आपल्यापासून जन्मतं ते आपल्या बरोबरीचं असतं. क्लोनिंग जन्माची घडणावळ करतं. २००८ मध्ये व्हॅटिकनने क्लोन केलेल्या माणसावर ‘जैविक गुलामगिरी’ लादली जाईल असं म्हटलं तेव्हा शब्द मला जरा भडक वाटला होता. पण खोत आणि कूळ आठवलं की तो तितकासा भडक राहत नाही. मुलाच्या जन्माआधीच त्याच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवणं, असं मी म्हणेन.

यावर पहिलं उत्तर मला माझ्याच वर्गातल्या मुलांनी दिलेलं आहे. सर, प्रत्येक आईबापाचा आराखडा असतोच की! डॉक्टरांच्या मुलाने डॉक्टरच व्हायचं, नातवाने आज्याचं नाव लावायचं. अगदी खरं. बारशाला आम्हीही म्हणतोच, आजो परत इलो. पण त्या पोराला आज्यासारखं न होण्याची पूर्ण मुभा असते. आमच्या घरी ज्याला आज्याचं नाव दिलं तो तेर्स सुरू झाला की क्रिकेट खेळायला पळतो. आपण लादलेला आराखडा मुलं मोडतात ती यामुळे की त्यांच्यात असं काहीतरी असतं जे आपण निवडलेलं नसतं. दोघांच्या मिश्रणातून तिसराच निघतो. क्लोनिंगमध्ये नेमका हा तिसऱ्याचा हक्क आधीच विकलेला असतो.

दुसरं उत्तर जास्त कठीण आहे, कारण ते वर्गात मिळालं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये डॉलीची बातमी आली. थोड्याच दिवसांनी शेजारच्या वाडीतल्या एका बाईंनी मला शाळेच्या वाटेवर थांबवलं. त्यांचा एकुलता मुलगा होडी उलटून गेला होता. त्यांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, “सर, तेचा जावळ हा माझ्याकडे. तेच्यातसून तो परत येतलो काय?” मी मास्तरासारखं उत्तर दिलं: केसांतून नाही होत, जिवंत पेशी लागते. त्या मान हलवून निघून गेल्या. ते उत्तर बरोबर होतं आणि निरुपयोगी होतं. खरं उत्तर द्यायला मला पुढची वर्षं लागली. समजा झालं असतं, तर येणारा मुलगा दुसराच असता. पण त्याला रोज त्या बुडालेल्याच्या मापात उभं राहावं लागलं असतं. त्याने होडीवर पाय ठेवला असता तर आईचा जीव गेला असता, आणि नसता ठेवला तर ती म्हणाली असती, माझा असा नव्हता. त्या बाईंचं दुःख खोटं नव्हतं. त्यावरचा तो इलाज मात्र दुसऱ्या एका जिवाने आयुष्यभर फेडायचा होता.

‘टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळीही तुम्ही हेच म्हणत होतात’ हा टोला सर्वांत वर्मी लागतो, आणि लागायलाही हवा. ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी भारतातलं पहिलं असं बाळ जन्मलं. सरकारी समितीने त्यांना खोटं पाडलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, आणि ते खरं बोलत होते हे जगाने फार उशिरा मानलं. नव्याला घाबरणाऱ्यांनी एका माणसाचा बळी घेतला. कॅथलिक चर्चने १९८७ च्या आपल्या निवेदनात हे तंत्रज्ञान नाकारलं आणि आजही नाकारतं. बऱ्याच प्रॉटेस्टंट चर्चना त्यात वावगं वाटत नाही. मी याबाबत व्हॅटिकनच्या बाजूने नाही. आमच्या वाडीत अशी दोन मुलं आहेत, दोघांचा बाप्तिस्मा इथेच झाला, आणि फादर त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात तेव्हा त्यांना कुठलंही निवेदन आठवत असेल असं वाटत नाही. मूल होत नसलेल्या बाईला आपल्याकडे काय ऐकावं लागतं ते मी जाणतो. पण त्या मुलांमध्ये आईबाप दोघं आहेत, आणि पत्ते देवाने किंवा दैवाने पिसलेले आहेत. क्लोनिंगमध्ये पत्ते लावूनच वाटलेले असतात. गर्भाची आधी तपासणी करून निवड करण्याचं तंत्र जसजसं वाढतंय तसतशी ही रेघ पुसट होतेय, हेही मान्य. रेघ पुसट झाली म्हणून दोन्हीकडची जमीन एक होत नाही. बांध सरकवणाऱ्यांचे सगळे कज्जे याच समजुतीवर चालतात.

धोक्याचे आकडे मी मुद्दाम मागे ठेवले. डॉलीसाठी २७७ प्रयत्न झाले तेव्हा एक कोकरू हाती लागलं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये क्लोन केलेलं म्हशीचं पहिलं पारडू थोडेच दिवस जगलं, जूनमध्ये जन्मलेली गरिमा टिकली. २०१८ मध्ये शांघायहून दोन माकडांची बातमी आली. ती गर्भाच्या पेशींपासूनची. प्रौढ माकडाच्या पेशींपासून केलेली दोन जन्मल्यावर लगेच गेली. माणसाच्या बाबतीत या मधल्या सगळ्या खटाटोपाचं काय करायचं, हा प्रश्न भयंकर आहे. पण तंत्र सुधारतं, आणि केवळ अपयशावर उभा केलेला विरोध पहिल्या यशाबरोबर कोसळतो. म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही.

उपचारासाठीचं क्लोनिंग, म्हणजे मूल न जन्माला घालता क्लोन केलेल्या गर्भातून मूळपेशी काढणं, वेगळं काढा, असं समंजस लोक सांगतात. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा केला, ८४ विरुद्ध ३४ मतांनी, आणि त्या ३४ मध्ये भारत होता तो याच कारणासाठी. मूल जन्माला घालण्याचं क्लोनिंग भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही निषिद्धच आहे. त्या भूमिकेत तथ्य आहे. मला फक्त अशा मूळपेशी काढल्याचा दावा करणाऱ्या दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाचं प्रकरण विसरता येत नाही. निष्कर्ष बनावट निघाले ते निघालेच, पण त्यासाठी बायकांची दोन हजारांवर स्त्रीबीजं खर्ची पडली होती, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या हाताखालच्या मुली होत्या. २००६-०७ मध्ये यामानाका या जपानी शास्त्रज्ञाने साध्या पेशींनाच मूळपेशींसारखं वळवून दाखवलं आणि त्या वाटेची निकडही बरीच कमी झाली.

आणि कलमांची किंमतही काही शून्य नाही, हे त्या बागायतदारांनाही सांगायला हवं. सगळ्या झाडांचं रक्त एक, म्हणून दुखणंही एक. हापूसला साका धरतो, म्हणजे आतला गर नासतो, तो पिढ्यान्‌पिढ्या काडीबरोबर चालत आलेला. कितीही कलमं बांधा, साका जात नाही. तो घालवायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातल्या केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर केला, तेव्हा १९८१ मध्ये ‘रत्ना’ हाती आला. दोघांचं मिश्रण लागलं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर करपा आला तेव्हा गरिबांच्या शेतांत बहुतेक एकाच जातीचा बटाटा होता, एकमेकांच्या डोळ्यांपासून लावलेला. दहा लाख माणसं गेली. इकडे आपल्या रायवळांना नावं असायची, बिटकी, शेपू, खोबरी, कारण प्रत्येक झाड वेगळं निघालेलं. हापूसच्या चारशे झाडांना नाव कोण ठेवतो? तोडून टाका म्हणत नाही मी, माझं पेन्शन पुरत नाही तिथे कलमंच पुरतात. पण ज्या बागेत नवल संपलं तिची रोज औषधाची टाकी लावून राखण करावी लागते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात पर्यावरणवाल्यांना एक चिमटा काढला आहे. निसर्गाच्या बाबतीत विज्ञानाला मर्यादा घाला म्हणणारे मानवी गर्भावरच्या प्रयोगांच्या वेळी त्याच मर्यादा विसरतात, असा त्याचा रोख. आमच्या चर्चवाल्यांना हा चिमटा फार आवडतो, ते तो मोठ्याने वाचतात. उलटा चिमटा वाचत नाहीत. उरलेलं अख्खं पत्र जमीन, पाणी आणि गरीब यांच्याबद्दल आहे. क्लोनिंगला विरोध करणं आपल्याला फुकट पडतं. सिंधुदुर्गात कोण प्रयोगशाळा काढतोय? त्यावर गरजून बोलणाऱ्याची एक काडीही मोडत नाही. कातळ राखायचा तर मात्र खिशात हात जातो.

आमच्या घरच्या सड्याचा तुकडा चिरेखाणीसाठी मागितलाय. सहा जणांची नावं आहेत, पाच सह्या झाल्या. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, त्यावर आहे काय, गवत आणि दगड. त्याने तो श्रावणात पाहिलेला नाही, निळी-पिवळी फुलं पसरतात तेव्हा. आणि आमच्या खालच्या विहिरीला मे महिन्यात पाणी कुठून येतं, हेही त्याला विचारावंसं वाटलेलं नाही. पण त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि त्याचं कर्ज मला माहीत आहे. दर रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याचा फोन येतो. परवा मी त्याला त्या बागायतदाराची गोष्ट सांगितली, तोही हसला. मग म्हणाला, “ते सगळं ठीक रे. तू सही कधी करतोस?” मी म्हटलं, पाऊस उघडू दे.